सरांचं हवेशीर खुराडं

पाथर्डीच्या आमच्या घरमालकांना डावं-उजवं मान्य नव्हतं. माणूस वळला की त्याचं डावं-उजवं बदलतं, दिशा बदलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पंगतीत ते 'आग्नेयेचं मीठ सरकवा' म्हणायचे आणि शेजारचा पाहुणा मीठ सोडून बाकी सगळं सरकवत बसायचा. एकदा दाढ दुखायला लागली तेव्हा दातांच्या डॉक्टरांना त्यांनी 'वायव्येची वरची' असं सांगितलं. डॉक्टरांनी खुर्ची फिरवली आणि दाढ ईशान्येला गेली. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उपटली ती मात्र भलतीच.

ते भूगोलाचे शिक्षक होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण सगळं गाव त्यांना सरच म्हणायचं. मी तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते. माहेर संगमनेरकडचं, पाटपाण्याच्या भागातलं. पाथर्डीच्या उन्हाची सवय नव्हती आणि खोली मिळत नव्हती. कुणीतरी सरांकडं पाठवलं. त्यांनी जात, गाव, लग्न, काहीच विचारलं नाही. एकच प्रश्न.

"रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता का?"

"डास येतात ना, सर."

"डास चावला तर थेंबभर रक्त जातं. खिडकी लावली तर जीव जातो. रक्त परत तयार होतं, डॉक्टर."

मी उघडी ठेवीन म्हणाले. वरची खोली मला मिळाली.

सरांचा सगळा जन्म हवेच्या काळजीत गेला होता. माणूस भुकेनं मरत नाही, कोंदून मरतो, हे त्यांचं लाडकं वाक्य. एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांना अडवलं, "मग सर, दुष्काळात माणसं कशानं मेली?" सर म्हणाले, "दुष्काळात हवा भरपूर असते. म्हणून तर एवढी वाचली." विचारणाऱ्यानं सरांच्या चहाचे पैसे दिले आणि निघून गेला.

खिशात कायम उदबत्ती आणि काडेपेटी. कुणाच्याही घरी गेले की आधी उदबत्ती पेटवायची, खोलीच्या मधोमध धरायची आणि धूर कुणीकडं जातो ते बघायचं. धूर सरळ वर गेला तर सरांचा चेहरा पडायचा. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंना वाटलं, गृहस्थ फार देवभोळे आहेत. त्यांनी हात जोडले आणि प्रसादासाठी साखर आणली. सरांनी साखर खाल्ली आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कुठं भोक पाडायचं ते खडूनं आखून दिलं.

मंगल कार्यालयातला प्रकार तर गावात अजून सांगतात. शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. भर उन्हाळा, माणसं खच्चून भरलेली, खिडक्या बंद. सरांच्यानं राहवेना. भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना हे एकटेच पश्चिमेच्या खिडक्या एकामागून एक उघडत चालले. शेवटची खिडकी उघडली आणि बाहेरून जी वावटळ आत शिरली, तिनं अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातातून काढून भटजींच्या तोंडाला गुंडाळला. मुहूर्ताच्या आधीच नवरानवरीनं एकमेकांना बघितलं. म्हाताऱ्या बायका अपशकुन झाला म्हणायला लागल्या. नवऱ्याचा मामा अंगावर धावून आला. सर खिडकीपाशी शांत उभे. म्हणाले, "बघू द्या की! पुढं आयुष्यभर बघायचंच आहे. निदान पहिल्यांदा मोकळ्या हवेत बघितलं." नवरी खुदकन हसली आणि भांडण तिथंच विरलं. त्या जोडप्याचं छान चाललंय. दोघांना सर्दी मात्र कायमची.

असल्या माणसाशी संसार केला तो काकूंनी. काकू जामखेडच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या. अंगानं लहान, आवाजानं मोठ्या. "लगीन झाल्यापास्नं म्या एक थंडी धड पांघरून घिऊन काढली न्हाई," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "रातीला खिडक्या ह्यांनी उघडायच्या आन् पहाटं म्या लावायच्या. कवाकवा वाटतं, ह्यो संसार का पहारा?" पण हे सगळं त्या सरांच्या तोंडावर बोलायच्या. सकाळी उठल्यापासून सरांना बोलणं हा त्यांच्या घराचा चालू पंखा होता. त्याच्या आवाजाशिवाय सरांना पेपरही वाचता यायचा नाही.

काकूंना एकाच गोष्टीची हौस होती, कोंबड्यांची. माहेरी त्यांच्या कोंबड्या पार चुलीपर्यंत यायच्या म्हणे. सरांनी तीस वर्षं नकार दिला. खुराडं म्हणजे कोंदटपणाचा कळस, असलं काही आपल्या आवारात नको. शेवटी काकूंनी विचारायचंच सोडलं. एका बाजारच्या दिवशी त्यांचा भाऊ जीपमधून पाटी घेऊन उतरला. पाटीवर फडकं होतं आणि फडक्याखाली गावरान तलंगा, कोवळ्या कोंबड्या, कुजबुजत होत्या.

घरामागं सरांची बाग होती. बाग म्हणजे एक कढीपत्ता, एक शेवगा आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी. कोपऱ्यात अवजारांची पत्र्याची खोली. कुदळ, खोरं, झारी, शाळेतून मोडीत निघालेला पृथ्वीचा गोल आणि दक्षिण अमेरिकेचा एक फाटका नकाशा एवढं तिच्यात होतं. काकूंनी कोंबड्या तिथंच ठेवल्या.

आणि आठवड्याभरात सरच त्यांच्या नादी लागले. सकाळी ज्वारी टाकताना ते कोंबड्यांना हवामानाचा अंदाज वाचून दाखवायचे. "वर्गापेक्षा बऱ्या आहेत," मला म्हणायचे, "निदान मान तरी हलवतात." एक तांबडी कोंबडी त्यांच्या पायावर येऊन बसायची. तिला ते 'अहो' म्हणायचे.

चैत्र संपत आला होता. काकू भाचीच्या लग्नाला जामखेडला निघाल्या. जाताना सरांना बजावून गेल्या, "मुंगूस फिरतंय आवारात. भाईर गेलात तर दार लावून जावा." दुसऱ्या दिवशी सरांना एका जुन्या विद्यार्थ्याच्या सत्काराला नगरला जायचं होतं. मी लसीकरणाला वाड्यावस्त्यांवर गेले होते. सरांनी कोंबड्या आत घेतल्या, दार ओढलं, कडी लावली आणि एसटीत बसले.

त्या खोलीला खिडकी नव्हती. दुपारचं ऊन सरळ पत्र्यावर.

संध्याकाळी मी परत आले तेव्हा सर त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. अंगावर सत्काराला घातलेला इस्त्रीचा सदरा, खांद्यावर शाल तशीच. आत एकही कोंबडी जिवंत नव्हती. मी तपासायला वाकले तर म्हणाले, "राहू द्या, डॉक्टर. कारण मला माहीत आहे." मग त्यांनी स्वतःच शेवग्याखाली खड्डा खणला. मला खोऱ्याला हात लावू दिला नाही.

काकू परत आल्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी रिकाम्या खोलीत डोकावून बघितलं, उरलेली ज्वारी शेजारणीच्या कोंबड्यांना टाकली आणि सरांशी बोलणं बंद केलं. पूर्ण बंद.

इथून माझी पंचाईत सुरू झाली. काकू मला म्हणायच्या, "डॉक्टरीनबाई, ताट वाढलंय म्हनावं." सर समोरच बसलेले. ते मला म्हणायचे, "त्यांना सांगा, आमटी चांगली झाली आहे." मी दोघांच्या मधे बसून हे इकडून तिकडं न्यायचे. मी दवाखान्यात गेले की घर मुकं. मग फोन. एकदा मी एका गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभी होते. गायवाल्यानं माझा मोबाईल माझ्या कानाला धरला.

"डॉक्टर, जरा त्यांना विचारा, माझा चष्मा कुठं आहे?"

"सर, मी शिरूर कासारच्या रस्त्याला आहे!"

"फक्त विचारा."

मागून काकूंचा खणखणीत आवाज आला, "म्हनावं, फ्रीजवर!"

"फ्रीजवर आहे, सर."

"आभारी आहे," सर म्हणाले. गायवाला म्हणाला, "म्याडम, फ्रीजचं ऱ्हाऊ द्या, माझी गाय गाभन हाय का न्हाई?"

मग एका सकाळी सर जिन्यात थांबलेले दिसले. दाढी वाढलेली. "डॉक्टर," त्यांनी विचारलं, "कोंबडीला किती हवा लागते?"

मी मला येत होतं ते सांगितलं. गरम हवा वर चढते, म्हणून छताखाली समोरासमोर झरोके हवेत. खालून गार हवा आत यायला वाट हवी, पण ती बसायच्या दांडीवर थेट लागायला नको. जाळी बारीक, म्हणजे मुंगूस शिरणार नाही. पत्र्याला वरून चुना आणि चुन्यावर उसाचं पाचट. सर डोळे मिटून ऐकत होते. मुलांना जन्मभर शिकवलेलेच वारे ते आता माझ्या तोंडून ऐकत होते.

नवं खुराडं बांधायला गवंडी त्याच दिवशी आला. सामान मात्र दुकानातून आलं नाही, घरातून आलं. सरांचं म्हणणं, ह्या घराच्या खिडक्या जुन्या, वारा ओळखणाऱ्या आहेत, नव्यांना काय कळतंय. पहिल्यांदा न्हाणीघराचा झरोका गेला. मग स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा. मग पुढच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या. तिथं उरलेल्या भगदाडावर सरांनी दक्षिण अमेरिका लावली. पोस्टमन ब्राझीलमधून हात घालून टपाल द्यायला लागला. एका संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तर माझ्या खोलीची पश्चिमेची खिडकी जागेवर नव्हती. तिथं बारदान लटकत होतं.

"सर, माझी खिडकी?"

"कोंबड्यांना संध्याकाळचा वारा पश्चिमेचाच लागतो. तुम्ही तर दिवसभर बाहेर असता."

"पण रात्री मी इथंच असते ना!"

सरांनी विचार केला. "बारदान ओलं करून लावा," म्हणाले. खरं सांगते, खोली आधीपेक्षा गार झाली.

गवंडी बिचारा गोंधळून गेला होता. शेवटी शेवटी त्यानं विचारलं, "सर, सगळं खरं, पन आता भिताड कुठं ठिवायचं?"

"दोन खिडक्यांच्या मधे मावेल तेवढं ठेवा."

स्वयंपाकघरातला पंखा गेल्यापासून फोडणीचा ठसका घरभर फिरायचा. काकू खोकत खोकत मला म्हणाल्या, "म्हनावं, आता माझ्या बरगड्या काढा आन् तिथं जाळी ठोका." मी सरांकडं पोचवलं. सरांनी खिशातली उदबत्ती चाचपली. मग म्हणाले, "त्यांना सांगा, थोडंच काम राहिलं आहे." त्यांचा आवाज मला अपराध्यासारखा वाटला.

खुराडं पुरं झालं तेव्हा गाव बघायला आलं. आत उदबत्ती धरली की धूर क्षणभरही ठरत नव्हता, येऊन गेलासुद्धा. कर्जतकडचा एक पोल्ट्रीवाला मुद्दाम बघून गेला. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "सर, ह्यात कोंबडी ऱ्हाईल का पतंगावानी उडंल?"

मग सरांनी काकूंच्या भावाला फोन केला. पुन्हा जीप, पुन्हा पाटी, पुन्हा फडक्याखालची कुजबुज. काकू ओट्याशी उभ्या राहून लांबून बघत होत्या. सरांनी पाटी खुराड्यासमोर ठेवली आणि फडकं काढलं. कोंबड्यांनी दिवसभर आवार उकरलं. दिवस मावळायला लागला तशा त्या ओळीनं चालत आल्या, तालुक्यातल्या सगळ्यात हवेशीर खुराड्यासमोरून तशाच पुढं गेल्या आणि शेजाऱ्यांच्या कडुनिंबावर चढून बसल्या.

सर झाडाखाली उभे. वर बघतायत.

काकू मला म्हणाल्या, "म्हनावं, झाडाला भिताडच न्हाई. त्यास्नी त्येच बरं वाटलं."

सकाळी एक कोंबडी कमी होती. झाडाखाली पिसं पडली होती. मांजराचं काम.

मी सरांना सांगितलं, असंच होतं. कोंबडीला नवं घर आपोआप कळत नाही. दाणापाणी ठेवून चार-पाच दिवस आत कोंडून ठेवायच्या. मग तेच त्यांचं घर. सोडल्या तरी संध्याकाळी आपसूक परत येतात.

"कोंडून?" सर म्हणाले.

"हो. कडी लावून."

त्या संध्याकाळी आम्ही कोंबड्या धरल्या. सर, मी आणि मुक्कामाला थांबलेला काकूंचा भाऊ, तिघंही आवारभर पळत. सर ओरडत होते, "नैऋत्येला! नैऋत्येला वळली!" आणि काकूंचा भाऊ दरवेळी उलटीकडं धावत होता. कशाबशा सगळ्या आत घातल्या. सरांनी दार ओढलं, कडीला हात लावला. लावली. मी जिन्यापर्यंत पोचते न पोचते तोच मागं कडी वाजली. दार उघडं होतं. कोंबड्या सर्रकन बाहेर पडून कडुनिंबाकडं चालल्या होत्या आणि सर दाराला पाठ लावून उभे होते. कपाळावर घाम.

"मला जमत नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

काकूंनी हे खिडकीच्या भगदाडातून बघितलं. मी भाकरी खायला बसले तेव्हा त्या हळू आवाजात बोलल्या. "आजून एक जरी मेली तर म्या भावासंगं जानार. कायमची. मला आता ह्या घरात मरान बघवत न्हाई."

मी घास खाली ठेवला. "हे सांगायचं आहे का, काकू?"

काकू तव्याकडं बघत राहिल्या. "म्हनावं," म्हणाल्या.

मी सांगितलं. सरांनी मान हलवली.

दुसरा दिवस रविवार. कोंबड्या पुन्हा धरल्या, पुन्हा आत घातल्या. आज सरांच्या हातात घडीची खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि पेपर होता. कोंबड्यांच्या मागोमाग ते स्वतः वाकून आत शिरले, दांडीखाली खुर्ची मांडली आणि जाळीतून मला म्हणाले, "लावा कडी, डॉक्टर. बाहेरून."

"सर, अहो—"

"कोंबडीला धाप लागली तर तिला सांगता येत नाही. मला येईल. मी ओरडलो तर उघडा."

मी कडी लावली. दुसरं काय करणार? मे संपत आला होता आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दहा-अकराच्या सुमाराला पत्रा तापायला लागला. मी जाळीशी स्टूल टाकून बसले. कोंबड्या थोडा वेळ सरांच्या डोक्यावरून उडत होत्या, मग दाण्याला लागल्या. सर त्यांना पेपर वाचून दाखवत होते. मधेच थांबून प्रत्येकीच्या चोचीकडं निरखून बघायचे. चोच मिटलेली असली की पुढची बातमी. कुंपणाशी माणसं जमायला लागली. एकानं मोबाईल काढला, मी त्याला हाकललं.

भर दुपारी काकू बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. जाळीशी येऊन उभ्या राहिल्या. आत कोंबड्या पंख ढिले सोडून निवांत बसलेल्या. सरांचा बनियन मात्र घामानं भिजून अंगाला चिकटला होता. चष्मा नाकावरून घसरत होता आणि ते पर्जन्यमानाचा तक्ता मोठ्यानं वाचत होते.

काकूंनी जाळीला नाक लावून आत बघितलं. मग म्हणाल्या,

"अवो, त्यास्नी उकडत न्हाई. तुमालाच उकडतंय. काढा त्यो बनेल."

सर सवयीनं माझ्याकडं वळले. "डॉक्टर, त्यांना सांगा—" आणि थांबले. पेपर मांडीवर ठेवला. हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला, की मला काहीच पोचवायचं नव्हतं.

"काढतो," सर म्हणाले.

काकू घरात गेल्या, ताकाची चरवी घेऊन आल्या. "काढ गं कडी," मला म्हणाल्या. मी काढली. त्या पदर खोचून आत शिरल्या. "लाव आता. नायतर पळत्याल समद्या."

तेवढ्यात माझा फोन वाजला. एका वस्तीवर म्हैस अडली होती. मी कडीकडं बघितलं, आतल्या दोघांकडं बघितलं.

"जा की तू," काकू म्हणाल्या. "ती म्हस अडलीया. आमी कुठं पळून चाललोय?"

म्हशीनं फार वेळ घेतला. परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि कुंपणावरची माणसं पांगली होती. खुराड्यातून काकूंचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. जामखेडच्या लग्नात कुणी कसलं लुगडं नेसलं होतं, जेवणात काय खारट होतं, कोण रुसलं आणि का, हे सगळं साठलेलं त्या ओतत होत्या. मधेच त्यांनी सरांना खिडक्यांवरून झापलं, ठसक्यावरून झापलं, दक्षिण अमेरिकेवरून झापलं. सर 'हं, हं' करत होते. मग काकूंचा आवाज एकदम उतरला. मी कडीपाशी पोचले होते.

"दार लावा म्हनून म्याच म्हनलं हुतं," आतून आवाज आला, एवढासा. "तुमी काय केलं? म्या सांगितलं त्येच केलं. मंग तुमाला काय बोलू? म्हनून बोलले न्हाई."

एक कोंबडी तेवढी कुरकुरली.

मी जरा थांबले, खाकरले आणि कडी काढली. दार सताड उघडलं. काकू उलट्या ठेवलेल्या पाटीवर बसल्या होत्या, सर खुर्चीत, उघडेबंब. वर दांडीवर सगळ्या कोंबड्या एकमेकींना टेकून ओळीनं बसलेल्या. उघड्या दाराकडं त्या सगळ्यांनी एकदा बघितलं.

कुणीच बाहेर आलं नाही.